आधी टेप, मग एचपी: तीन-चार एकरांसाठी ट्रॅक्टर निवडताना

नोकरी सोडून, किंवा नोकरी सांभाळून, गावच्या तीन-चार एकरांत उतरलेली मंडळी हल्ली बरीच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती एचपीचा घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमच्या रानात जायची पाणंद किती फुटांची?" बहुतेकांना ते माहीत नसतं. मलाही नव्हतं, आणि त्याची किंमत मी मोजली आहे.

तासगावच्या बाजूला आमचं साडेतीन एकर रान. दीड एकर द्राक्ष, एक एकर ऊस, उरलेल्या एकरात सोयाबीन आणि मागून हरभरा. पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा चुलते म्हणाले, "घ्यायचा तर मोठाच घे, मिनी म्हणजे खेळणं." जुना ४५ एचपीचा मिळाला, घेतला. दारात उभा केल्यावर छाती फुगली. पण द्राक्षाच्या पहिल्याच फेरीत मडगार्ड तारेत अडकलं, कळायच्या आत एक अँगल वाकला आणि दोन वेलींची ओलांडी, म्हणजे तारेवर आडवी वाढवलेली फांदी, मोडली. बागेतल्या ओळी नऊ फुटांच्या. ट्रॅक्टर बाहेरून बाहेर पावणेसहा फूट. कागदावर सव्वातीन फूट शिल्लक दिसतात, पण मांडवाचे हात आणि त्यावरून लोंबणारी वेलीची कोवळी फूट मी मोजलीच नव्हती. दोन हंगामांनी तो विकला आणि २४ एचपीचा मिनी आणला. तेव्हापासून एचपी हा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो.

पहिलं काम: टेप घेऊन रानात जा

शंभर फुटी टेप आणि एक वही, एवढंच लागतं. आधी वाट मोजा. पाणंद कुठे सगळ्यात अरुंद आहे, ओढ्यावरची मोरी किती रुंद, शेजाऱ्याचा बांध कुठे आत आलाय, फाटक किती फुटांचं. यातला सगळ्यात लहान आकडा वहीत वर लिहा. ट्रॅक्टरचीच नव्हे, त्याच्या मागच्या हत्याराचीही रुंदी त्यात बसली पाहिजे. माती भुसभुशीत करणारा सहा फुटी रोटाव्हेटर म्हणजे बाहेरून साडेसहा फुटांच्या आसपास जातो, हे लोक विसरतात.

मग पिकाच्या ओळी. फळबाग असेल तर ओळीतलं अंतर मोजून भागत नाही. झाडांची कोवळी फूट भरात असताना दोन्ही बाजूंनी किती आत येते ते मोजा, ते वजा करा, आणि वर दोन्हीकडे एकेक वीत मोकळी सोडा. उरेल ती तुमच्या ट्रॅक्टरची रुंदी. मिनी ट्रॅक्टर साधारण साडेतीन फुटांच्या आसपास असतात, ४०-४५ एचपीचे साडेपाच ते सहा. डाळिंबाच्या १४ फुटी ओळीत फांद्या छाटून ठेवल्या तर मधला ट्रॅक्टरही चालतो. विदर्भातल्या संत्र्याच्या १८-२० फुटी बागेत हा प्रश्न निराळाच, तिथे झाडाखाली जायला उंची कमी लागते. सायलेन्सर वर आहे की खाली, याचा फळबागवाल्यानं विचार करायचा तो यासाठी. आमच्या मांडवाखाली उभा सायलेन्सर म्हणजे पानं भाजायची सोय.

उसात दोन रीती आहेत. पाच फुटी सरी असेल तर मिनी सरीतून आतून चालतो, दोन्हीकडे जेमतेम नऊ इंच राहतात, म्हणून हात बसलेला ड्रायव्हर हवा. दुसरी रीत म्हणजे उसाची ओळ पोटाखाली घेऊन दोन्ही चाकं दोन सऱ्यांत चालवणं. त्यासाठी चाकाच्या मधापासून मधापर्यंतचं अंतर तुमच्या सरीइतकं जुळलं पाहिजे. बऱ्याच ट्रॅक्टरांत रिम उलटसुलट फिरवून हे अंतर कमी-जास्त करता येतं. दुकानात विचारा, आणि नुसतं "होतं" म्हटलं तर करून दाखवायला सांगा.

आता वळायची जागा. याकडे नवखे बघतच नाहीत. वीस गुंठ्यांचा लांबट तुकडा घ्या, ६६ फूट रुंद आणि ३३० फूट लांब. रोटाव्हेटर लावलेल्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला वळायला दोन्ही टोकांना वीसेक फूट लागतात. ६६ गुणिले २० गुणिले २, म्हणजे २६४० चौरस फूट. एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे रान नुसतं वळण्यात गेलं, आणि तेही दरवर्षी चाकाखाली घट्ट दाबलेलं. मिनीला बारा फुटांत काम भागतं, दीड गुंठ्याच्या आत. तुकडे आखूड आणि वाकडेतिकडे असतील तर हा फरक आणखी बोचतो.

कामाची यादी, तासांसकट

वहीच्या दुसऱ्या पानावर वर्षभराची कामं लिहा: नांगरट, रोटाव्हेटर, फणपाळी, पेरणी, सरी सोडणं, उसाला माती लावायची बाळबांधणी, मोठी बांधणी, फवारणी, शेणखत-मालाची ट्रॉली. प्रत्येकासमोर वर्षातून किती वेळा तेही.

तास काढायचं सोपं गणित सांगतो. ताशी तीन किलोमीटर वेग धरा, वळण्यात आणि थांबण्यात पाव वेळ गेला असं धरा. तीन फुटी रोटाव्हेटर तासाला सुमारे २० गुंठे करतो, चार फुटी २७, पाच फुटी ३३, सहा फुटी ४०. म्हणजे तीन एकरांना चार फुटी रोटाव्हेटरला साडेचार तास, सहा फुटीला तीन तास. ज्या दीड तासासाठी लोक दोन-तीन लाख जास्त मोजतात तो दीड तास हाच. तीस एकर असेल तर तो पंधरा तासांचा होतो आणि वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, निघून जायच्या आत रान उरकणं महत्त्वाचं ठरतं. तीन एकरांत सकाळी सुरू केलं की न्याहारीनंतर थोडं उरतं, इतकंच.

यादी झाली की कामांचे दोन ढीग करा. वर्षातून एकदाच लागणारं एकीकडे, आठवड्या-पंधरवड्याला लागणारं दुसरीकडे. खोल नांगरट पहिल्या ढिगात जाते. तिला ताकद लागते, डबल पलटी नांगराला ४५-५० एचपी हवेच. पण ती उन्हाळ्यात एकदा करायची, कोणी वर्षाआड करतं. त्यासाठी गावातला मोठा ट्रॅक्टर सांगा, पैसे द्या, मोकळे व्हा. ट्रॅक्टर घ्यायचा तो दुसऱ्या ढिगासाठी. माझ्या ओळखीत ज्यांचे ट्रॅक्टर पत्र्याखाली धूळ खातात, त्यातल्या बहुतेकांनी तो नांगरटीकडे बघून घेतला होता.

हत्यार ठरवा, मग त्याला ओढणारा

दुसऱ्या ढिगातलं सगळ्यात जड हत्यार कोणतं ते बघा. लहान रानात ते बहुधा रोटाव्हेटर किंवा ब्लोअर, म्हणजे पंख्याचा फवारणी यंत्र, असतं. दोन्ही पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतात, म्हणून ट्रॅक्टरच्या बोनेटवरचा एचपी न बघता पीटीओचा एचपी विचारायचा. इंजिनाच्या ताकदीतला काही भाग गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकमध्ये जातो. पीटीओला साधारण ८० ते ९० टक्के पोचते, काही छोट्या मॉडेलांत त्याहून कमी. पुस्तिकेत तो आकडा असतो. सांगायला टाळाटाळ झाली तर समजून घ्या.

ठोकताळा असा: तीन फुटी रोटाव्हेटरला १५ ते २० एचपीचा ट्रॅक्टर, चार फुटीला २५-३०, पाच फुटीला ३५-४०, सहा फुटीला ४५-५०. हा मऊ, वाफशावरच्या रानाचा हिशेब. मराठवाड्यातली भारी काळी माती असेल आणि ती सुकून ढेकळं झाली असतील तर एक पायरी खाली या, म्हणजे तोच ट्रॅक्टर ठेवून हत्यार अर्ध्या फुटानं कमी घ्या. माळाच्या मुरमाड रानात ताकद पुरते, पण पाती झिजतात आणि दगड लागून शाफ्टची पिन तुटते. ती पिन मुद्दाम कच्ची असते, गिअरबॉक्स वाचावा म्हणून. तिच्या जागी कडक बोल्ट ठोकणारे महाभाग प्रत्येक गावात एक तरी आहेत. त्यांच्या गिअरबॉक्सचं बिल त्यांनाच विचारा.

कोकणात मळ्यांचं, बांधाबांधाचं भातखाचर असेल तर ट्रॅक्टरचाच विचार पुन्हा करा. दहा-पंधरा गुंठ्यांच्या खाचरात चिखलणीला १२-१५ एचपीचा पॉवर टिलर उत्तम चालतो, एका खाचरातून दुसऱ्यात उतरवताही येतो. पण त्याच्यामागे दिवसभर चालायची तयारी हवी. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं हे मनात धरून ठरवावं.

वजन आणि लिफ्ट

चाकाला पकड नसेल तर एचपी हवेत जातो. २०-२५ एचपीचे मिनी साधारण साडेसहाशे ते आठशे किलोंचे, तर ४५ एचपीचे पावणेदोन ते दोन टनांचे. हलकेपणाचा फायदा म्हणजे ओल्या रानात माती कमी दाबली जाते. तोटा म्हणजे ओढकामात चाक घसरतं. मागच्या चाकांत पाणी भरून किंवा पुढे वजनं लावून काही प्रमाणात भागवता येतं.

इथे चारही चाकं ओढणारा मिनी घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. हलक्या यंत्राचं सगळं वजन कामाला लागतं, ओलीत अडकत नाही, उतारावरून ट्रॉली उतरवताना चारही चाकं इंजिनाच्या दाबाखाली राहतात. दोन चाकी ओढीचा स्वस्त पडतो, आणि सपाट कोरडवाहू रानात नुसती फणपाळी-पेरणी असेल तर पुरतोही.

हत्यार उचलणाऱ्या लिफ्टचा आकडा मात्र फसवा. बऱ्याच मिनींवर ७५० किलो असं लिहिलेलं असतं. ते वजन खालच्या दोन दांड्यांच्या टोकाला मोजलेलं असतं. हत्याराचा भार त्याच्याही मागे दीड-दोन फूट असतो, तिथे उचलायची ताकद कमी होते. आता ४०० लिटरचा ब्लोअर मागे लटकवला असं समजा. पाण्याचेच ४०० किलो, वर टाकी, पंखा, पंप, गिअरबॉक्स मिळून दीड-दोनशे. लिफ्ट कदाचित उचलेल, पण बांध चढताना पुढची चाकं जमीन सोडतील आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरेल. मी हे अनुभवलंय, पुन्हा अनुभवायची हौस नाही. म्हणून मिनीला ओढायचा, स्वतःच्या चाकांवरचा ब्लोअर घ्या. मग ६०० लिटरचाही चालतो, मात्र वळायला थोडी जास्त जागा सोडावी लागते.

घ्यायचा की भाड्यानं सांगायचा?

आता कडू गणित. मिनी ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, फणपाळी, सरी पाडायचा रिजर मिळून ७ लाख धरू. दहा वर्षांनी विकून अडीच लाख आले तर दरसाल ४५ हजारांची झीज. अडकलेल्या पैशाचं व्याज, सरासरी पावणेपाच लाखांवर १० टक्क्यांनी, सुमारे ४७ हजार. विमा, ऑइल, फिल्टर, किरकोळ दुरुस्ती १८ हजार. बेरीज १ लाख १० हजार, ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरी यातलं बहुतेक जाणारच. भाड्याचा दर तासाला १००० रुपये आणि स्वतःचं डिझेल तासाला ३०० धरलं तर तासामागे ७०० वाचतात. म्हणजे वर्षाला सुमारे १५७ तास ट्रॅक्टर चालला तरच बरोबरी. तुमच्या गावचे दर टाकून हेच पुन्हा मांडा.

नुसतं सोयाबीन-हरभरा असलेल्या चार एकरांत सगळी कामं धरून वर्षाला पन्नासेक तास होतात. तिथे स्वतःचा ट्रॅक्टर म्हणजे हौस, किंवा मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची शंभर तास कामं करायची तयारी. दोघा भावांत, तिघा मित्रांत मिळून घेतला तर गणित जमतं, फक्त वाफसा सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी येतो हे आधीच बोलून ठेवा.

द्राक्षवाल्याचं वेगळं आहे. माझ्या दीड एकराला फवारणीचेच ऐंशीएक तास होतात, वर ओळीतला रोटाव्हेटर, उसाची बांधणी. आणि काही गोष्टी तासात मोजता येत नाहीत. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट कोवळी असताना रात्री पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी पहाटेच ब्लोअर फिरला पाहिजे. त्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही, कारण ज्याचा ट्रॅक्टर आहे तो स्वतःच्या बागेत असतो.

कागद आणि अनुदान

महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करता येतो. सातबारा, आठ अ, आधारशी जोडलेलं बँक खातं आणि शेतकरी ओळख क्रमांक तयार ठेवा. दोन हेक्टरपर्यंतची जमीन असेल तर तुम्ही अल्पभूधारक, अनुदानाचा दर त्यावरही ठरतो. एकच गोष्ट ठळक लक्षात ठेवा: पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदीचं बिल फाडलं तर अनुदान मिळत नाही. दुकानदार "घेऊन टाका, नंतर बघू" म्हणाला तरी थांबा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना समाजकल्याण विभागाची ९ ते १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरची वेगळी योजना आहे, साडेतीन लाखांपर्यंतच्या खरेदीवर ९० टक्के अनुदानाची. गटातल्या सगळ्यांची रानं लहान असतील तर ती आधी पाहा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आलाय, टायर आणि सुट्या भागांवरचाही कमी झालाय. कोणी जुना दरफलक दाखवत असेल तर विचारा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू आहेत, त्यामुळे तिथे किंमत आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही वाढतात. लहान शेतकऱ्याला त्या वाटेला जायचं कारणच नाही.

डेमो स्वतःच्याच रानात

दुकानामागच्या मोकळ्या पटात कुठलाही ट्रॅक्टर छान चालतो. डेमो तुमच्या रानात, तुमच्या सगळ्यात चिवट तुकड्यात मागा. हत्यार तुम्ही घेणार त्याच मापाचं हवं. पीटीओ ५४० फेऱ्यांवर ठेवून रोटाव्हेटर रानात सोडा आणि कान द्या. इंजिनाचा आवाज थोडा बसून सावरला तर ठीक. बसत बसत दम तोडू लागला तर हत्यार मोठं किंवा ट्रॅक्टर लहान. दोनशे फूट गेल्यावर खाली उतरून मातीत हात घाला, पाच-सहा इंच मोकळी झालीय का बघा. वरवर खरवडून पुढे पळणारे डेमो मी पाहिलेत.

मग शेवटच्या ओळीत घेऊन जा आणि वळवा. एका दमात वळतो का, की मागे-पुढे करावं लागतं? घरात जो खरोखर चालवणार आहे त्यालाच बसवा. आमच्या घरी मिनी सौ. चालवते. तिनं बसून पहिलंच सांगितलं की क्लच जड आहे, पाय पुरत नाही. मी तासभर चालवून मला ते जाणवलं नव्हतं. दुसरं मॉडेल घेतलं.

आणि एक आडवा प्रश्न: याचा मेकॅनिक कुठे बसतो? सुटा भाग तालुक्याला मिळतो की जिल्ह्याला? हंगामात दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर वर काढलेलं सगळं गणित पाण्यात. थोडा कमी आवडलेला पण तालुक्यात दुरुस्त होणारा ट्रॅक्टर मी कधीही पत्करीन.

जुना घेत असाल तर

थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. हत्यार उचलून इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. हत्यार खाली बसलेलं असेल तर हायड्रोलिकचं काम निघालंय. ऑइल टाकायच्या तोंडातून भसाभस धूर येतो का, पुढचा एक्सल हलवला की खडखडतो का, हे बघा. तासांच्या मीटरवर फार विसंबू नका, क्लच आणि ब्रेकच्या पायटांची झीज जास्त खरं बोलते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि चासी नंबर कागदाशी स्वतः ताडून पाहा.

नवा आणलात तर पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं नळकांडं पहिल्याच दिवशी काढून फेकू नका. ते अडचणीचं वाटतं खरं, पण पदर, उपरणं, पायजम्याचं टोक फिरत्या शाफ्टनं ओढून घ्यायला निमिषही लागत नाही. चाकांचे नट पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा आवळा, सुरुवातीला पूर्ण भार टाकू नका, आणि पन्नास तासांची पहिली सर्व्हिस चुकवू नका. त्या सर्व्हिसला मेकॅनिक घरी आला की त्याच्याकडून टॉप लिंक कमी-जास्त करायला, ग्रीस कुठे कुठे भरायचं ते आणि डिझेलमधली हवा कशी काढायची ते शिकून घ्या. तासाभराचं काम आहे, वही तेव्हाही जवळ असू द्या.